एका माणसाची गाळणी

खैरनार काका कुणाच्याही घरून निघाले की उंबऱ्यात क्षणभर थांबायचे आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे राहायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर येतेय. मी आधार द्यायला धावले. ते ओशाळले आणि म्हणाले, सवय आहे हो मॅडम, झडतीची. नाशिक रोडला नोटा छापायच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. तिथून सुटताना रोज झडती द्यावी लागते, मग तुम्ही कुणीही असा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी दार आलं की त्यांचे हात आपोआप वर यायचे. देवळातून निघतानासुद्धा. देवाला काय वाटत असेल, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, बरंच वाटत असेल, एक तरी माणूस काही न उचलता चाललाय.

मी विमा कंपनीत नोकरीला. कोल्हापूरहून बदली होऊन नाशिक रोडला आले आणि जेल रोडच्या आतल्या बाजूला एका सोसायटीत भाड्यानं राहिले. नवरा आणि मुलगी कोल्हापुरात, मी इकडे एकटी. समोरचं दार खैरनार काकांचं. तेही एकटेच. त्यांची बायको शकुंतलाबाई मी यायच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. मुलगी मनीषा पुण्यात, संसारात आणि नोकरीत बुडालेली, तरी रोज संध्याकाळी न चुकता व्हिडिओ कॉल करणारी.

काका मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी बोलताना ते अगदी शहरी, इस्त्री केल्यासारखं मराठी बोलायचे. पण बेल वाजवली की आतून पहिला आवाज यायचा तो "कोण शे?" असा. दार उघडेपर्यंत ते पुन्हा शहरी होऊन बसलेले असत. बंद दाराआड त्यांची अहिराणी चालते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बिल्डिंगमध्ये ती बोलायला दुसरं कुणी नव्हतं. जिच्याशी बोलायचे ती भिंतीवरच्या फोटोत होती.

प्रेसमध्ये त्यांचं काम छापून आलेले कागद तपासायचं होतं. शाई फाकली, रेघ तुटली, रंग सरकला की तो कागद बाजूला. म्हणजे सरकारनं त्यांना चुका काढायचाच पगार दिला, आणि त्यांनी तो इमानेइतबारे घेतला. घरी बसल्यावर ती नजर जाणार कुठे? लग्नपत्रिका आली की ते आधी ती ट्यूबलाइटसमोर धरत आणि मग वाचत. कोपरा किंचित तिरका कापलेला असला की म्हणत, "नापास." वधू-वरांचं नाव त्यानंतर. मी केलेले घावन त्यांनी उजेडाला धरून पाहिले आणि एका बाजूला पीठ जास्त पडतंय असं शांतपणे सांगितलं. सोसायटीनं जिन्याला रंग दिला तेव्हा तर रंगारी त्यांची चाहूल लागली की गच्चीवर पळायचा. मी त्यांना विचारलं, काका, तुम्ही आयुष्यात कशाला पास केलंय? त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. मग म्हणाले, पास झालेल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत मॅडम, त्या पुढे जातात.

अशा माणसाच्या घरी दर वर्षी जी वाइन व्हायची, तिच्याइतका गढूळ पदार्थ मी दुसरा पाहिलेला नाही.

मी आले त्या वर्षी मार्चमध्ये एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात काका, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आणि दोन्ही हात जांभळे. ते म्हणाले, "मॅडम, जरा हात देता का? धरायचंय." काय धरायचंय ते सांगितलं नाही. मी गेले. त्यांनी आपलं दार सताड उघडं ठेवलं, ते मिटू नये म्हणून मध्ये स्वतःची चप्पल अडकवली आणि मला स्वयंपाकघरात नेलं. एकटी बाई घरात आली की दार उघडं असलं पाहिजे, हा त्यांचा नियम होता. पुढेही तो कधी मोडला नाही.

ओट्यावर चिनी मातीची मोठी बरणी, खाली पातेलं, आणि हातात एका जुन्या धोतराचं चौपदरी फडकं. शकुंतलाबाईंच्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. माल पॅकिंगला गेला की घडातून गळालेले काळे मणी मागे उरतात, त्यातले दोन क्रेट तो दर वर्षी बहिणीकडे पाठवायचा. बहीण गेली तरी क्रेट येतच राहिले. ते मणी कुस्करायचे, साखर आणि यीस्ट घालायचं, बरणीत तीन आठवडे फसफसू द्यायचं, आणि मग गाळायचं. हे सगळं शकुंतलाबाई प्रेसच्या क्वार्टरमध्ये असताना शेजारच्या मार्थाबाईंकडून शिकल्या होत्या. मार्थाबाई नाताळासाठी करायच्या, शकुंतलाबाई मणी वाया जाऊ नयेत म्हणून. बायकोनं बाकी कधी काही वेगळं केलं नाही, हे एकच केलं, असं काका सांगायचे.

गाळायची पद्धत अशी. फडक्यात तो लगदा घ्यायचा, वरची टोकं गोळा करून एकानं धरायची, खालच्या बाजूनं दुसऱ्यानं, आणि दोघांनी उलट दिशांनी पीळ घालायचा. चादर धुतल्यावर दोघं मिळून पिळतात ना, तसं. मी डावीकडे, काका उजवीकडे. ते विचारायचे, धरलं? मी म्हणायचे, धरलं. मग पीळ बसत जायचा आणि मधून जांभळी धार पातेल्यात पडायची. एरवी सतत काही ना काही दाखवत, सांगत, नापास करत असणारा हा माणूस त्या वेळी एक शब्द बोलायचा नाही. फडक्याकडे बघायचा आणि अधूनमधून माझ्या हातांकडे. माझे हात बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. मला तेव्हा वाटलं, माझी पकड चुकतेय.

काम झाल्यावर त्यांनी एका ग्लासात थोडी ओतून ट्यूबलाइटसमोर धरली. पावसाळ्यातली गोदावरी बरी म्हणावी अशी ती दिसत होती. ते म्हणाले, "नापास." आणि तीच स्टीलच्या वाटीत ओतून, मोठ्या समाधानानं घोट घोट प्यायले. मलाही वाटीतच दिली. आंबटगोड, जिभेवर बारीक रवाळ लागणारी. निघताना एक बाटली हातात ठेवली. शकुंतलाबाईंनी घालून दिलेला नियम होता म्हणे, जो धरेल त्याला बाटली. उगाच कुणाला द्यायची नाही आणि धरलेल्याला दिल्याशिवाय सोडायचं नाही. मी म्हटलं, मी पीत नाही फारशी. ते म्हणाले, पिऊ नका, पण न्यावी लागेल, तुम्ही धरलंय.

माझ्याआधी कुणी कुणी धरलं होतं त्याचा इतिहास मग मला बिल्डिंगमधूनच कळला. बायको गेल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी तळमजल्यावरच्या बोराडेंना बोलावलं. बोराडे माळकरी. त्यांना वाटलं, द्राक्षाचा रस आहे. मोठ्या हौसेनं धरलं, पिळलं, बाटली घेऊन घरी गेले आणि नातीला पाजायला झाकण उघडलं. वासानं त्यांच्या सूनबाईंनी सगळं ओळखलं. त्या दिवसापासून बोराडे काकांना जिन्यात नमस्कार करायचे, पण हात पाठीमागे बांधून. त्याच हंगामात दुसऱ्या बरणीला वरच्या मजल्यावरच्या योगवर्गवाल्या बाई आल्या. त्यांच्या मनगटांत इतकी ताकद की फडकं मधोमध फाटलं आणि लगदा थेट भिंतीवर. तो डाग अजून तिथे होता. काकांनी भिंत रंगवली नाही. बाईंचं काय चुकलं, त्यांनी मनापासून पिळलं, एवढंच म्हणायचे.

मग मी आले, आणि पुढची तीन वर्षं मीच धरलं. पण काकांना ते बरं वाटत नव्हतं. म्हणजे माझं धरणं नव्हे, त्यांचं माझ्या दारात येऊन उभं राहणं. आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाही, आता या वयात फडकं धरा म्हणून दारोदार फिरू का, असं ते स्वतःलाच विचारायचे. शिवाय मनीषा सारखी मागे लागलेली. बाबा, इकडे या, तिथे एकट्यानं कशाला राहता? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, मला सगळं एकट्याला जमतं. आणि मग त्यांनाच हे एक काम आठवायचं, जे एकट्याला जमत नव्हतं. म्हणून त्यांचा शोध सुरू झाला. एकट्या माणसाला वाइन गाळता येईल असं साधन हवं.

दिवाळी सरली की ते कापडी पिशवी घेऊन सिटी बसनं निघायचे. दुकानदार पहिला प्रश्न विचारायचे, किती लिटरचं हवं? काका म्हणायचे, "लिटर राहू द्या. एका माणसाचं हवं." यावर दुकानदार काय बोलणार? पण काका तिथे तासभर बसायचे. त्याचं गाव कुठलं, दुकान वडिलांचं की स्वतःचं, मुलं काय शिकतात, सगळं समजून घ्यायचे, चहा प्यायचे, आणि वस्तूला नापास करून घरी यायचे. शहरातल्या निम्म्या दुकानदारांना त्यांचं नाव माहीत होतं आणि त्यातल्या एकाकडेही त्यांची खरेदी नव्हती.

कधीकधी मात्र वस्तू घरापर्यंत पोचायची. कॉलेज रोडच्या एका कॅफेतून त्यांनी कॉफी गाळायचे कागद मिळवले. मला बघायला बोलावलं. कागदात वाइन ओतली, चार थेंब पडले आणि कागद तुंबला. आम्ही बसून राहिलो. माझा चहा झाला, त्यांची दोन वेळची औषधं घेऊन झाली, ग्लासात जेमतेम चमचाभर. पण तो चमचा स्वच्छ होता, हे मी दाखवून दिलं. ते म्हणाले, या वेगानं माझं आयुष्य पुरायचं नाही.

नंतर त्यांच्या डोक्यात आलं की पाणी शुद्ध करायच्या यंत्रात पांढरी कँडल असते, ती पाण्यातला गाळ अडवते तर हिचा का नाही अडवणार? यंत्र दुरुस्तीला आलेल्या माणसानं हात जोडले. म्हणाला, काका, वॉरंटी जाईल, आणि तुम्ही काय ओतलं ते मी वर सांगू शकणार नाही. तो गेल्यावर काकांनी स्वतःच कँडल काढून प्रयोग केला. कँडल वांग्याच्या रंगाची झाली आणि पुढचे आठ-दहा दिवस घरातल्या पाण्याला आंबूस वास. त्या दिवसांत ते माझ्याकडून पाण्याची कळशी न्यायचे आणि प्रत्येक वेळी दारात हात पसरून उभे राहायचे.

रविवार कारंज्याकडे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एकाकडे काचेचं मोठं नरसाळं होतं, खालून हवा ओढून घेणारं. त्याला कॉलेजचं पत्र हवं होतं. काकांनी त्याला प्रेसचं जुनं ओळखपत्र दाखवलं. तो माणूस इतका घाबरला की दुकानातल्या सगळ्या नोटा काकांसमोर मांडून खऱ्या का बघा म्हणाला. काकांनी बघितल्या. संध्याकाळ अशी गेली, नरसाळं राहिलं.

मनीषा पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवायची. स्टीलच्या चौकटीत गाळण-कागदांच्या ताटल्या एकापुढे एक बसवलेल्या, बाजूला छोटा पंप, बटण दाबलं की अर्ध्या तासात काम फत्ते. एका हातानं चालतं बाबा, ती सांगायची. काका फोटो बोटांनी मोठा करून बघायचे. मग म्हणायचे, कडेची रबरी पट्टी नीट बसलेली दिसत नाही. फोटोतल्या पट्टीत चूक काढणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

एकदा मीच सहज बोलून गेले. म्हटलं, काका, इतकं कशाला? फडक्याचं एक टोक नळाला बांधा आणि दुसरं तुम्ही पिळा. ते माझ्यावर कधी रागावले नव्हते, त्या दिवशी रागावले. म्हणाले, "नळाला काय कळतं किती पिळायचं ते?" आणि उठून गॅलरीत गेले. मी आपली खुर्चीत बसून राहिले. एवढं लागण्यासारखं मी काय बोलले, हे मला समजेना.

चौथ्या वर्षी जानेवारीत माझी बदली झाली. परत कोल्हापूर. मी मनातून हवेत होते, घरी जायचं म्हणून. पेढे घेऊन समोर गेले. काकांनी पेढा घेतला, उजेडाला न धरता तोंडात टाकला, आणि विचारलं, कधी निघणार? मी म्हटलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. ते म्हणाले, म्हणजे द्राक्षांच्या आधी. त्यानंतर त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, सामान कसं नेणार ते विचारलं, दोऱ्या आणि खोके आणून देतो म्हणाले. पण तेवढं एक वाक्य मध्ये येऊन गेलं होतं आणि ते आम्हां दोघांनाही ऐकू आलं होतं.

त्या शनिवारी ते सकाळीच तयार होऊन आले. म्हणाले, ताई, सातपूरला एक दुकान आहे, वाइनरीवाले तिथून सामान नेतात. आज घेऊनच टाकू. मॅडमची ताई मी केव्हा झाले ते कळलंच नाही. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

दुकानाचा मालक तिशीतला, बोलायला गोड, आणि कामाचा जाणकार. त्यानं सगळं काढून दाखवलं. ताटल्यांचं यंत्र पंपासकट. हातपंपावर चालणारं नरसाळं. जाड, मध्यम, बारीक असे तीन प्रकारचे गाळण-कागद. आणि कोपऱ्यात लोंबत असलेली एक साधी जाड विणीची निमुळती पिशवी, लोखंडी स्टँडवर अडकवायची. काका नेहमीप्रमाणे एकेक वस्तू उजेडाला धरत होते. पण नापास म्हणत नव्हते. मला ते बघवत नव्हतं.

मालकानं विचारलं, आत्ता कसं गाळता? काका गाळण-कागद उजेडाला धरून बघत होते. म्हणून मीच सांगितलं, धोतराचं फडकं, दोन माणसं, दोन बाजूंनी पीळ. तो हसला, पण चांगल्या मनानं. म्हणाला, "अहो, म्हणूनच गढूळ येते. पिळलं की बारीक गाळ कापडातून जोरानं बाहेर पडतो. पिळायचंच नाही. या पिशवीत ओता, टांगा, आणि विसरून जा. आपलं आपण गळू द्या. मग थंड जागी ठेवा, वरची निवळ नळीनं काढून घ्या. मशीन वगैरे काही नको तुम्हाला, दहा-पंधरा बाटल्यांना."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. एवढ्या वर्षांचा घोळ, आणि उपाय इतका सोपा. मी काकांकडे वळले. ते पिशवीकडे बघत होते. मालकाला म्हणाले, जरा बाहेर चहा घेऊन येतो.

समोरच्या टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो. शनिवारची सुट्टी असलेले कारखाने बंद होते, रस्ता मोकळा होता. मी उत्साहात बोलत होते. बघा, एका माणसाचं साधन मिळालं की नाही, आता कुणाच्या दारात जायला नको, शिवाय वाइन काचेसारखी होईल, तुम्ही पास कराल तिला. काकांनी ग्लास बाकड्यावर ठेवला.

"मला माहीत होतं, ताई," ते म्हणाले.

मी विचारलं, काय माहीत होतं?

"पिळलं की गढूळ होते ते. मार्थाबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. टांगून ठेवा, पिळू नका म्हणून."

"मग पिळत का होतात?"

ते रस्त्याकडे बघत बोलले. त्यांच्या मनात जे होतं ते त्यांनी सरळ सांगितलं, आणि मी त्यात मध्ये बोलले नाही. म्हणाले, "आमच्या दोघांत बोलणं फार नव्हतं. भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. मी दिवसभर कागद बघून यायचो, घरी आलो की डोळे मिटून पडायचो. ती स्वयंपाकघरात. मनीषा लहान. वर्षानुवर्षं असंच. ते एक काम असं होतं की तिच्यासमोर उभं राहायला लागायचं. ती तिकडून पीळ घालायची, मी इकडून. तिच्या हाताचा जोर माझ्या हातात यायचा. पहिल्या वर्षी उगाच घाई म्हणून पिळलं. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, मार्थाबाई म्हणतात तसं टांगून ठेवू या. ती फडकं घेऊन समोर उभी राहिली." त्यांनी ग्लास पुन्हा हातात घेतला. "सगळं निघून जायचं, फडकं कोरडं व्हायचं, तरी सोडायची नाही. 'आखो जरासं' म्हणायची. अजून थोडं."

माझा चहा निवून गेला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मघाचा माझा आनंद आठवून मला स्वतःची चीड आली. नळाला बांधा म्हणून सांगणारीही मीच होते. मी म्हटलं, काका, मी येईन द्राक्षांच्या वेळेला, रजा काढून येईन. ते हसले आणि म्हणाले, कोल्हापूरहून फडकं धरायला? तुमच्या घरचे मला वेड्यात काढतील. मग त्यांनी चहाचे पैसे दिले आणि मला बाकड्यावरच बसवून एकटे दुकानात गेले. परत आले तेव्हा काखेत ती पिशवी होती आणि हातात लोखंडी स्टँड. स्कूटरवर तो धरायला अवघड होता. संपूर्ण रस्ताभर त्याचा एक पाय माझ्या कुशीत टोचत राहिला.

मी निघाले त्या दिवशी त्यांनी माझे सगळे खोके स्वतः बांधले, आणि माझ्या प्रत्येक गाठीला नापास केलं. मनीषाचा कॉल आला तेव्हा तिला स्टँड दाखवला. तिला फार हायसं वाटलं. बाबा, आता मला काळजी नाही, असं ती म्हणाली, आणि पुण्याला या असं त्या दिवशी म्हणाली नाही.

मी रजा काढली नाही. मार्चअखेर म्हणजे विमा कंपनीत मान वर करायला फुरसत नसते, आणि मुलीची परीक्षा. फोन झाला तेव्हा काका म्हणाले, उत्तम चाललंय, काही त्रास नाही, रात्री ओतली की सकाळी खाली जमा. मीही मानून घेतलं. माणूस उत्तम म्हणतो तेव्हा ते मानणं सोयीचं असतं.

गणपती होऊन गेल्यावर कंपनीच्या कामाला नाशिकला जाणं झालं. काम दुपारपर्यंत उरकलं आणि मी जेल रोडला गेले. माझ्या जुन्या दाराला कुलूप होतं, बहुतेक नवं कुणी आलंच नव्हतं. समोरची बेल वाजवली. आतून आवाज आला नाही. काका आले, दार उघडलं, मला बघून चेहरा फुलला, आणि दारात चप्पल अडकवून मला आत घेतलं.

ते वाळले होते. घर तसंच नीटनेटकं. बोराडे बरे आहेत, योगवाल्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, खालच्या मजल्यावर नवीन लोक आलेत, जिन्याचा रंग पुन्हा उडाला, असं सगळं सांगून झालं. मग ते उठले आणि वाटीत वाइन घेऊन आले. मी वाटी हातात घेतली आणि बघतच राहिले. वाटीच्या तळाला कोरलेलं शकुंतलाबाईंचं नाव तिच्यातून वाचता येत होतं, एकेक अक्षर. त्या वाट्यांवर नाव आहे हे तीन वर्षांत मला दिसलं नव्हतं. चवही छान, मऊ, जिभेला काही न टोचणारी. मी म्हटलं, काका, ही पास. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले.

"कुणाकुणाला दिलीत?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीतलं कपाट उघडून दाखवलं. बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, झाकणं घट्ट लावलेली, पुसून ठेवलेल्या. एक अर्धी उघडलेली, तीच आम्ही पीत होतो. बाकी जशी भरली तशी.

"कुणालाच नाही?"

"कुणाला देणार? यंदा कुणी धरलंच नाही."

मी म्हटलं, काका, नियम राहू द्या हो. बोलवायचं ना कुणाला तरी, बसवायचं, वाटीभर द्यायची. नवीन लोक आलेत खालच्या मजल्यावर, तुम्हीच म्हणालात.

ते कपाटासमोर उभे होते. मला वाटलं, ते एखादी बाटली उजेडाला धरतील. त्यांनी धरली नाही.

"बोलवायला काम काय सांगू, ताई?" ते म्हणाले. "ती आता आपली आपणच गळते."

मग त्यांनी कपाटाचं दार लावलं आणि माझी बस किती वाजता आहे ते विचारलं.